माझी खरवडलेली पाठ

मित्रांनो, मी सिगारेटच्या पाकिटातले एक जुने चित्र आहे. माझ्यावर बॅट घेऊन उभा आहे डेल हॅरिगन, एके काळचा नावाजलेला बेसबॉलपटू. माझी पाठ मात्र खरवडलेली आहे, आणि तिच्याबद्दल मी आज रागानेच बोलणार आहे.

पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागद घालत. त्यावर खेळाडू छापले तर मुले बापांच्या मागे लागतील, हे सिगारेट कंपन्यांच्या मालकांनी बरोबर ओळखले. पुढून मी खेळाडू, मागून तंबाखूची जाहिरात. मी निव्वळ आमिष होते.

अमेरिकेत पिट्सबर्गला पोलादाच्या भट्टीवर राबणारा मातुश कधी सिगारेट ओढत नसे. त्याची लेक झुझाना बेसबॉलवेडी, त्यातही तिला हॅरिगनच हवा. गल्लीतली पोरे तिला आपल्या चित्रांना हातही लावू देत नसत. ती हिरमुसून घरी आली, म्हणून मातुशने पाकीट आणले. त्यात हॅरिगन नव्हता. मग दुसरे आणले, मग आणखी. विकत घेतलेले टाकायचे कसे, म्हणून तो ओढू लागला. मी निघाले तेव्हा झुझाना अंगणभर नाचली आणि मातुश खोकत खोकत हसला. पुढे हसणे गेले, खोकला राहिला.

"बाबा, आता पुरे," झुझाना म्हणाली. "हॅरिगन मिळाला ना मला."

"तुझं झालं गं पोरी. माझं कुठं सुटतंय आता?"

त्याला पुरून आल्यावर झुझानाने बटाटे सोलायची सुरी घेतली आणि माझ्या पाठीवरची जाहिरात खरवडून काढली. मग मला बापाच्या जेवणाच्या डब्यात ठेवले. म्हातारी होऊन मरेपर्यंत तिने मला जपले.

तिच्यामागे तो डबा एका जुन्या चित्रांच्या व्यापाऱ्याकडे गेला. मला पाहून तो हरखला, उलटे केले आणि चिडला.

"कुठल्या मूर्खानं वाट लावली ही? मागची जाहिरात शाबूत असती तर सोनं होतं."

ज्या अक्षरांनी मातुशचा जीव घेतला, ती आता हे लोक भिंगातून कौतुकाने वाचतात! माझ्या अंगाचा नुसता भडका उडतो. आणि उद्या हा व्यापारी एका फाटक्या चित्राची धड पाठ सोलून माझ्या पाठीवर चिकटवणार आहे.

मित्रांनो, कुठे पाठीवर शाबूत जाहिरात असलेला हॅरिगन दिसला, तर त्याच्या कडेला हलकेच नख लावून पाहा. आत सुरीचे ओरखडे लागले, तर ती जाहिरात सोलून फेकून द्या. ती पाठ माझी नाही. माझी पाठ झुझानाच्या हातची आहे.