अवलंबून असलेली पत्नी

नियम लिहायला बसले की आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. हे म्हणजे गिरिधर, माझे यजमान. सरकारी कचेरीतल्या आस्थापना शाखेत नोकरी झाली, त्यामुळे उभं आयुष्य रजेचे नियम, बदलीचे नियम आणि औषधपाण्याच्या बिलांचे नियम यांतच गेलं. निवृत्त झाल्यावर वर्षभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचे आणि मी फोडणीत हिंग आधी टाकते की मोहरी, यावर हरकत घ्यायचे. मग सक्करदऱ्यातल्या आमच्या वस्तीच्या हौशी संगीत महोत्सवाने त्यांना समितीचे सचिव केलं आणि मी सुटले. आता ते सकाळी उठून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि जेवणाच्या टेबलावर गायन स्पर्धेचे नियम लिहीत बसतात.

यंदाचे नियम लिहून झाले तेव्हा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "जरा शुद्धलेखन पाहून दे."

मी शाळेत मराठी शिकवायची. लाल पेन घेऊन बसले. स्पर्धक हौशी असावा, गाण्यावर पोट भरणारा नसावा. बरोबर. तबलजी आपला आणला तरी चालेल, पण नाव आधी कळवावं. बरोबर. असं करत नवव्या नियमाशी आले आणि पेन थांबलं. 'आयोजन समितीच्या सदस्यांच्या कुटुंबीयांना स्पर्धेत भाग घेता येणार नाही.'

नियमाचं कारण मला माहीत होतं. मागच्या वर्षी समितीतल्या एका गृहस्थांच्या सुनेला पहिला नंबर मिळाला आणि मंडपात खुर्च्या उडायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. सून गायली चांगली होती, पण लोकांची तोंडं कोण धरणार! तेव्हा नियम हवाच होता. माझा राग नियमावर नव्हता. दिवाळीतच मी ह्यांना सांगितलं होतं की यंदा मी गाणार आहे. त्यावर पेपरातून डोकं वर न काढता हे "हूं" म्हणाले होते. तो "हूं" आता कागदावर उतरला होता.

मी भिवापूरची. लग्नाआधी तिथे एका बाईंकडे गाणं शिकत होते, बागेश्री नुकता गळ्यावर बसत होता. मग लग्न, नागपूर, शाळा, वह्यांचे गठ्ठे, सासूबाईंचं आजारपण, मुलांची दहावी-बारावी. गाणं स्वयंपाकघरात राहिलं, पण राहिलं. आणि मी तिथे गुणगुणायला लागले की ह्यांना नेमकं काहीतरी आठवतं. "सिलिंडरचा नंबर लावला का?" "दूधवाल्याले सांगितलं का?" मनाने वाईट नाहीत हो. पण चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मला स्टेज हवं होतं ते मुख्यतः एवढ्यासाठीच. तिथे ह्यांना मध्ये काही विचारता येणार नव्हतं.

"शुद्धलेखन ठीक आहे," मी म्हटलं आणि कागद परत केला. पुढचे सगळे नियम रागात नुसते नजरेखालून घातले.

मग आमच्या घरात लौकीचे, म्हणजे दुधी भोपळ्याचे दिवस सुरू झाले. सकाळी लौकीची भाजी, संध्याकाळी लौकीचं पिठलं. ह्यांना लौकी बघवत नाही. शेवटी एकदा चमचा खाली ठेवून म्हणाले, "काय झालं आहे? काहून अशी करून राहिली तू?"

"नवव्या नियमाप्रमाणे वागून राहिली," मी म्हटलं. "दिवाळीत मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

आठवायला त्यांना वेळ लागला. आठवलं तेव्हा चेहरा पार उतरला. "बापा रे," म्हणाले. "पण नियम तर समितीत मंजूर होऊन गेला. पत्रकं छापून आली." थोडा वेळ भाताशी खेळत बसले आणि हळूच म्हणाले, "मी राजीनामा देऊ का?"

"काही नको," मी म्हटलं. ते खरंच देतील याची मला खात्री होती, आणि मग ते पुन्हा माझ्या फोडणीवर येतील याचीही.

माझा रियाज सिंधूताईकडे चाले. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत, आणि तिचे यजमान धम्मानंदजी समितीचे अध्यक्ष. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात त्यांची जुनी पेटी आहे. सिंधूताई स्वतः गात नाही, पण मी गाते तेव्हा पालक निवडायचं सोडून बसते. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त भडकली.

"आन तू चूप बसली? मी असती तं त्या सचिवालेच मंडपात उभं केलं असतं! आण तो कागद इकडे."

तिने छापलेलं पत्रक घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पत्रकाच्या शेवटी व्याख्या होत्या, कारण व्याख्या दिल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. 'कुटुंब म्हणजे सदस्यावर पूर्णतः अवलंबून असलेली पत्नी, अवलंबून असलेले आईवडील व अविवाहित मुली.' हे वाक्य ऐकल्याबरोबर मी ओळखलं. ह्यांच्या कचेरीत औषधांची बिलं मंजूर करायची जी व्याख्या होती, ती ह्यांनी जशीच्या तशी उचलून गाण्याच्या स्पर्धेला लावली होती. इतकी वर्षं तीच हाताखालून गेलेली, हात आपोआप चालला असणार. समितीत कोणी वाचलं नाही, आणि मी शुद्धलेखन तपासणारी बाई, मीही नाही.

सिंधूताई हसायला लागली ती थांबेना. "अवं यमुताई, यात सून तं आलीच नाही! जिच्यासाठी नियम केला, ते तं अशीच सुटली! आन तू कुठं अवलंबून आहे? तुले तुही पेन्शन आहे."

मी त्याच दिवशी अर्ज भरला आणि संध्याकाळी समितीची बैठक होती तिथे, म्हणजे सिंधूताईच्याच पुढच्या खोलीत, सरळ नेऊन टेबलावर ठेवला. ह्यांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभी राहिले.

धम्मानंदजींना आतून सगळी बातमी पोचलेली होती, तरी त्यांनी चष्मा लावून पत्रक नव्याने वाचलं. "सचिव साहेब, हे व्याख्या तुमीच लिहिली ना?"

"मीच लिहिली," हे म्हणाले. तोपर्यंत चूक त्यांच्याही लक्षात आली होती. कान लाल झाले होते.

"मंग तुमीच सांगा. वहिनी तुमच्यावर पूर्णतः अवलंबून आहेत का?"

जितेंद्र म्हणून समितीतला तरुण सभासद आहे, तो मोबाईल खाली ठेवून बघायला लागला. ह्यांना एका शब्दात सुटता आलं असतं. चूक झाली, दुरुस्त करतो, असं म्हटलं की विषय संपत होता आणि माझा अर्जही संपत होता. पण विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, ही ह्यांची जुनी खोड. त्यांनी फाइल समोर आल्यासारखा विचार केला.

"तिची पेन्शन वेगळी आहे," ते सावकाश म्हणाले. "बँकेचं तीच पाहते. वीजबिल, फोन, घरटॅक्स, सगळं तीच. माझ्या बीपीच्या गोळ्या कोणत्या डब्यात राहतात ते मला माहीत नाही. मागे ती भिवापूरला गेली होती माहेरी, तेव्हा मी..." ते थांबले.

"तेव्हा काय गा?" धम्मानंदजींनी विचारलं.

"तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ चौकातले पोहे खाऊन राहिलो."

सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत. "व्याख्येप्रमाणे पाहिलं तर ती अवलंबून नाही," ते म्हणाले. "अवलंबून मी आहे, पूर्णतः. तिचा अर्ज घेता येतो."

"मंग साहेब, तुमाले गाता येणार नाही बरं."

"मी न गायल्याने कोणाचं काही बिघडत नाही," हे म्हणाले, आणि त्यांनी अर्जावर सही केली.

मला त्या क्षणी ह्यांची इतकी माया आली की काय सांगू. इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि आलं ते चारचौघांत, बैठकीच्या इतिवृत्तात नोंद होऊन. घरी जाऊन मी ह्यांच्या आवडीचं भरीत केलं.

जितेंद्रचं म्हणणं होतं की तरी लोक बोलतीलच, सचिवांची बायको म्हणून. तेव्हा ठरलं की परीक्षक बाहेरचे आणायचे आणि ह्यांनी गुणांच्या कागदाला हातही लावायचा नाही. त्यांना दिलं वेळेचं काम. प्रत्येकाला सहा मिनिटं. पाच झाली की एक घंटा, सहा झाली की दुसरी. त्याच्यावर गायलं तर नंबरासाठी विचार नाही. व्याख्येत सूनबाईही घातल्या गेल्या.

स्पर्धा जानेवारीतल्या रविवारी दुपारी झाली. हॉल भरला होता, मागे पोरं पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभी होती. ह्यांनी टेबलावर पितळी घंटा आणि घड्याळ मांडलं होतं आणि सुरुवातीपासून एकालाही अर्धं मिनिट जास्त दिलं नव्हतं. माझ्या आधीच्या गृहस्थांची तान त्या घंटेने मधोमध तोडली.

माझं नाव पुकारलं. तबल्यावर गौरांग होता, सिंधूताईचा भाचा, त्याने मान हलवून धीर दिला. मी डोळे मिटले आणि बागेश्री सुरू केला. पहिली ओळ घाबरीघुबरी गेली. दुसऱ्या आवर्तनाला आवाज मोकळा झाला आणि मग मी भिवापूरच्या बाईंच्या ओसरीवरच जाऊन बसले. घंटा वाजेल तेव्हा आवरतं घ्यायचं, एवढंच डोक्यात ठेवलं होतं. घंटा वाजेना. मला वाटलं, वेळ आहे अजून. मी आणखी एक आलाप घेतला, मग ताना घेतल्या, मग द्रुतात गेले. आयुष्यात कधी गायले नव्हते अशी गायले, हे मी स्वतःच सांगते, कारण खरं आहे.

संपलं तेव्हा टाळ्या पडत होत्या. डोळे उघडून पाहिलं तर हे चष्मा काढून बसले होते. एक हात घंटेवर तसाच होता. जितेंद्रने त्यांच्यापुढचं घड्याळ उचलून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

परीक्षकांना गाणं आवडलं होतं. धम्मानंदजी म्हणाले, "घंटाच वाजली नाही तं वहिनीचा काय दोष? धरून घेऊ." जितेंद्रचीही ना नव्हती. पण हे उठले, माइकसमोर गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "स्पर्धक क्रमांक चौदा यांनी वेळेची मर्यादा ओलांडल्याने नियमानुसार त्यांचा नंबरासाठी विचार होणार नाही. घंटा न वाजवणं ही वेळाधिकाऱ्याची चूक आहे. वेळाधिकारी गाणं ऐकत होते."

सिंधूताई खुर्चीवरून उठलीच. "काहून? काहून नाही देत नंबर?" तिला दोघींनी धरून बसवलं.

मला नंबर हवा होता, खोटं कशाला बोलू. प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात कुठे लावायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण माइकवरचं ते शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि मला बाकी कशाची भूक राहिली नाही. मी पहिल्या आलेल्या मुलीसाठी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

घरी निघालो ते स्कूटरवर, मी मागे. मला वाटलं, आता विचारतील, दही विरजलं आहे का. चौकात सिग्नल लाल झाला, तेव्हा मान अर्धी वळवून म्हणाले, "सुरुवातीची ओळ माझी सुटली. घड्याळ लावून राहिलो होतो. परत म्हणतेस का?"

"इथे?"

"हो. हळू म्हण पाहिजे तर."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सुरू केलं. ओळ अर्ध्यावर आली तोच सिग्नल हिरवा झाला आणि मागून हॉर्न वाजायला लागले.

"चला, हिरवा झाला," मी म्हटलं.

"वाजू दे त्यांना," हे म्हणाले. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली, बंद केली आणि म्हणाले, "पहिल्यापासून घे."