दोरकरचं वजन

विद्याधर कारखानीस यांनी आपलं छप्पन किलो वजन मंगळवारी सकाळी लेकीच्या कंपनीला दिलं, आणि त्याच संध्याकाळी हॉलमधला झोपाळा कुमुदच्या बाजूला कलला.

कुमुद मटार सोलत बसली होती. मांडीवरचं ताट घसरायला लागलं तसं तिनं ते कोपरानं अडवलं आणि शेजारी पाहिलं. विद्याधरराव नेहमीच्या जागी, नेहमीसारखे अंग चोरून बसले होते. त्यांच्या बाजूची फळी चार बोटं वर आली होती.

"देऊन आलात वाटतं," ती म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"त्यांना सगळंच हवं होतं. अर्धं घेऊन काय करणार?"

कुमुदनं एक शेंग मोडली. "घरात तुमचं वजन कधी नव्हतंच. आता बाहेरचंही गेलं."

ती अशीच बोलायची आणि ते हसायचे. सेहेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. ते आताही हसले, आणि हसता हसता फळीवरून वीतभर उचलले गेले. कुमुदनं न बघताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

त्याचं असं झालं होतं. त्यांची लेक अरुंधती नाशकातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. त्या गेमचा नायक इमारतींना दोरी फेकून, झोके घेत शहरभर फिरायचा. त्याला कुणीतरी थट्टेनं दोरकर म्हणालं आणि ते आडनाव त्याला चिकटलं. शहर सुरेख झालं होतं. दुकानांच्या पाट्या होत्या, वाळत घातलेले कपडे होते, पाण्याच्या टाक्यांवर पारवे होते. पण ज्यांना ज्यांना खेळायला दिलं त्यांनी एकच तक्रार केली. हा झोके घेत नाही, नुसता सरकतो.

रविवारी जेवताना अरूनं किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधून ताटावर हलवून दाखवला.

"दोरीवरचा माणूस खाली येतो तेव्हा जड होतो, बाबा. सगळा भार खांद्यावर येतो. वर टोकाला गेला की क्षणभर काहीच उरत नाही. त्याच्या जरा आधी दोरी सोडायची, म्हणजे तो पुढे फेकला जातो. आमचा दोरकर खाली काय आणि वर काय, सारखाच. पिसासारखा."

"किल्ल्या आमटीत पडतील," कुमुद म्हणाली.

"या महिन्यात जमलं नाही तर कंपनी बंद. आम्ही अकराही जणं घरी." अरूनं जुडगा बाजूला ठेवला. "बाबा, तुमचं वजन किती?"

डॉक्टर सोडले तर त्र्याहत्तर वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. चूक राहिली तर त्यांचं नाव निघायचं, राहिली नाही तर कुणाचंच निघायचं नाही.

"माझं कशाला?" ते म्हणाले. "एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाचं घ्या की."

"घेतलं होतं, एका पैलवानाचं. त्यानं दोरकर नुसता आपटतो. आम्हाला थकलेलं वजन हवंय. झोका खाली आला की आतून 'हं' असा आवाज यायला हवा."

"मग यांचंच घे," कुमुद म्हणाली. "हे खुर्चीतून उठतानाही तसाच आवाज करतात."

कंपनी एका फर्निचरच्या दुकानावर होती. आतल्या खोलीत दोन साखळ्यांना एक फळी टांगलेली होती. साखळ्या कुठे अडकवल्यात ते पाहायला विद्याधररावांनी मान वर केली, पण छत दिसलं नाही. पोतनीस नावाचे प्रमुख सुपारी चघळत उभे होते.

"बसा काका. हं, आता पाय उचला."

त्यांनी पाय उचलले. फळी एकदा मागे गेली, एकदा पुढे आली. खालच्या टोकाला त्यांच्या तोंडून 'हं' निघालं, आणि ते संपलं तेव्हा वजन गेलेलं होतं.

"झालं," पोतनीस म्हणाले. "चष्मा विसरू नका. आता तोच तुम्हाला धरून ठेवील."

"परत कधी मिळेल?"

"काम झालं की."

गुरुवारी अरूनं घरच्या टीव्हीला तो गेम जोडून दिला. लाल मुखवटा घातलेला दोरकर एका बँकेच्या गच्चीवरून निघाला. तो खाली आला तशी दोरी ताणली गेली, वरची टाकी हिंदकळली, टाकीतलं थोडं पाणी रस्त्यावर सांडलं. अगदी खालच्या टोकाला तो 'हं' म्हणाला. विद्याधररावांचा रिकामा खांदा दुखला.

"तुमचाच आवाज," कुमुद म्हणाली.

लोकांनी भरभरून लिहिलं. अरूनं ते फोनवर दाखवलं. 'याला म्हणतात वजन,' असं एकानं लिहिलं होतं. त्याच्या चार ओळींत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. विद्याधररावांनी त्या आयुष्यात पहिल्यांदाच तशाच राहू दिल्या आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

त्याच दिवशी हॉलचं छत हातभर वर गेलेलं दिसलं. झोपाळ्याच्या साखळ्याही तेवढ्याच लांबल्या होत्या. साखळी लांबली की झोका संथ होतो, त्यामुळे संध्याकाळी एक झोका जाऊन येईतो कुमुदच्या सहा शेंगा सोलून व्हायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या दाबकेबाईंनी फोन केला.

"तुमचं छत आमच्या स्वयंपाकघरात आलंय हो."

"त्रास होतोय का?" कुमुदनं विचारलं.

"त्रास नाही. पण वाकून फोडणी द्यावी लागते."

शुक्रवारी त्या लेकाकडे राहायला गेल्या.

विद्याधररावांचं शरीर तोवर सवयीनं बसत होतं, ती सवय शुक्रवारपासून विरायला लागली. कुमुदनं त्यांच्या मांडीवर शब्दकोशाचे तीन खंड ठेवले. दुपारपर्यंत ते खंडही हलके झाले आणि चौघे मिळून वर निघाले. तिनं कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांना झोपाळ्याला बांधलं, तर झोपाळाच वर जायला लागला. ज्याला ते टेकत ते हलकं होत होतं, फक्त कुमुद तशीच राहत होती. शेवटी तिनं दोरी सोडली आणि त्यांचा घोटा हातात धरला.

"आता मटार कसे सोलायचे ते सांगा," ती म्हणाली.

तिकडे दोरकर बदलत चालला होता. झेप घ्यायच्या आधी तो दोरी दोनदा ओढून बघायचा. पारवे उडाले की थांबून त्यांच्याकडे ओशाळून पाहायचा. दुकानाच्या पाटीत चूक दिसली तर भिंतीला पाय लावून ती वाचत बसायचा. इतकी खोली कुठल्याच गेममध्ये नाही, असं लोक म्हणाले.

शनिवारी त्यानं दोरी सोडली नाही.

झोका पुढे गेला, टोकाला पोचला, सोडायची वेळ आली आणि गेली. तो मागे आला. पुढचा झोका जरा लहान झाला, त्याच्या पुढचा आणखी लहान. संध्याकाळपर्यंत तो दोन इमारतींच्या मधोमध नुसता लोंबकळत होता. घरोघरच्या पडद्यांवर तो तसाच लोंबकळत होता.

रविवारी सकाळी अरूचा फोन आला. कुमुदनं तो झोपाळ्यावर ठेवला, आवाज मोठा केला.

"बाबा, पोतनीस म्हणतात वजन दोरीत अडकलंय. त्यानं हात सोडला की उतरेल. गेमही सुटेल आणि तुम्हीही."

"मग सोडत का नाही?" विद्याधररावांनी वरून विचारलं.

"ते तुम्हीच सांगा. वजन तुमचं आहे."

त्यांना कारण माहीत होतं. आजोळी तळ्याकाठी वड होता. सगळी मुलं पारंबीला झोका घेऊन बरोबर वेळेला वाळूत उड्या टाकायची. त्यांनी पारंबी धरली ती सोडलीच नाही. झोका मेला, मुलं जेवायला गेली, हात सोलवटले. मग थोरली बहीण आली आणि तिनं खालून त्यांचे पाय धरले. 'विदू, सोड, मी धरलंय,' ती म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी सोडली.

दोरकरच्या पायाखाली चार पदरी रस्ता होता.

"आम्ही सगळ्यांनी बटणं दाबून पाहिली," अरू म्हणाली. तिचा आवाज जागरणाचा होता. "तो मान हलवतो. हा सुटला नाही तर उद्या सकाळी दहाला कंपनी बंद होतेय, बाबा. तुम्ही कुणाचं ऐकता?"

विद्याधररावांनी स्वतः बटण दाबून पाहिलं होतं, पण दाबायला बोटात काही नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, मग खाली. पंखा आता त्यांच्याही बराच वर, बशीएवढा दिसत होता. खाली झोपाळ्यावर कुमुद बसली होती, आणि तिचा लांबलेला उजवा हात त्यांच्या घोट्यावर होता.

"आईचं," अरूनंच उत्तर दिलं. "आई, तू दाब. ते बटणांचं यंत्र दोन्ही हातांत धरायचं. डाव्या अंगठ्यानं एक बटण, उजव्यानं दुसरं. दोन्ही एकदम."

"एका हातानं नाही का जमायचं?"

"नाही."

कुमुदनं डाव्या हातानं मटारचं ताट बाजूला सारलं आणि ते यंत्र मांडीवर घेतलं. डावा अंगठा बटणावर ठेवला. मग वर पाहिलं.

"अहो."

"काय?"

"मी सांगितलं तर सोडेल ना हा?"

विद्याधररावांनी पडद्याकडे पाहिलं. दोरकर खाली बघत नव्हता. दोरी जिथे चिकटली होती तिथे बघत होता.

"नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी काय नक्की सांगता आलंय?" ती म्हणाली. "आणि सोडली तर वजन लगेच उतरेल, की रमतगमत?"

"ते अरू काही बोलली नाही."

छत आणखी थोडं वर गेलं.

कुमुदनं घोट्यावरची करंगळी उचलली. पडद्यावर दोरकरनं दोरीवरची करंगळी उचलली. तिनं तिच्या शेजारचं बोट उचललं, त्यानंही उचललं. मग मधलं. आता घोट्याभोवती तिची तर्जनी आणि अंगठा तेवढा उरला होता, आणि बटणाला तोच अंगठा हवा होता.