दोन माणसांचा तंबू

तंबूची चेन उघडली तर आत आमचं इचलकरंजीचं घर होतं. बाहेरून तंबू तसाच होता, दोन माणसांचा, हिरवा, ओढ्याच्या काठावर ताणून बसवलेला. आत शहाबादी फरशी होती. भिंतींना पोपटी रंग होता. पलीकडच्या खोलीत बाबांचा माग चालू होता आणि आई ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत होती.

"बूट भाईर काढ," ती म्हणाली. "आत्ताच पुसून घेतलंय."

मी बूट काढले, आत गेले आणि मागे वळून चेन लावून टाकली. आईला भेटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच सुचलं, की इराला हे दिसता कामा नये.

इरा माझी पुण्याच्या ऑफिसमधली वरिष्ठ. ती आणि तिचा नवरा कौस्तुभ दर हिवाळ्यात डोंगरातल्या या कॅम्पवर येतात. ऑफिसमधल्या एखाद्यालाच ते सोबत बोलावतात, आणि या वेळी त्यांनी मला बोलावलं होतं. जागा फार शांत. वर कारवीचं रान, खाली ओढा, मध्ये अंतराअंतरावर तंबू. लोक इथे हळू आवाजात बोलत, आणि बराच वेळ कोणी बोलतही नसे.

माग मात्र खडखडत होता. त्याच्या दणक्यानं तंबूचं कापड थरथरत होतं. बाहेरून इरानं विचारलं, की माझ्या तंबूत काही वाजतंय का. मी म्हटलं, बघते.

बाबा बनियनवर होते. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाची तूस बसली होती. मी त्यांना माग बंद करायला सांगितलं. ते म्हणाले, कापड अर्ध्यावर आहे. मी म्हटलं, इथे लोक शांततेसाठी येतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण बंद केलं. पहिल्यांदाच ओढ्याचा आवाज आत आला.

"पाणी हाय व्हय भाईर?" बाबांनी विचारलं. बघून येतो म्हणत ते उठायला लागले. मी म्हटलं, नंतर. ते परत बसले.

तेवढ्यात चेन उघडली आणि इरा आत डोकावली. घर बघून ती दचकली नाही. तंबू चांगला ऐसपैस दिसतोय, एवढंच म्हणाली. मग तिची नजर आईकडे गेली. आईचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते आणि साडी गुडघ्यापाशी भिजलेली होती.

"या कोण?"

"कॅम्पकडून आल्यात," मी म्हटलं. "स्वयंपाकाला."

वाक्य अगदी सहज बाहेर पडलं. भाकरीवरचा आईचा हात थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. कडा नीट झाल्यावर तिनं भाकरी तव्यावर टाकली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम. ताईंनी सांगितलं तसं करतोय."

ताई म्हणजे मी.

संध्याकाळी सगळ्या तंबूंतले लोक ताटल्या घेऊन आले. चेनमधून वाकून एकेक जण आत येत होता आणि घरात मावत होता. झुणक्याचं फार कौतुक झालं. कौस्तुभनं बाबांना विचारलं, तुम्हीपण कॅम्पचेच का. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "मी तंबूचं कापड बघतो."

कौस्तुभ मागावरच्या कापडाला हात लावून म्हणाला, वा, फारच छान कापड आहे. बाबांना ते खरंच आवडलं असावं, कारण त्यांनी त्याला वीण कशी ओळखायची ते समजावून सांगितलं. मला त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

आईनं मला शेवटी वाढलं, पाहुण्यांना वाढतात तसं, थोडं लांबून. ताट माझंच होतं, माझ्या पाचव्या वाढदिवसाचं, काठावर नाव कोरलेलं. मी काठावर अंगठा फिरवला. तिथे काही लागलं नाही. ताट उजेडात धरून पाहिलं. स्टील गुळगुळीत होतं.

लोक गेल्यावर मी माझ्या कॉटकडे गेले, तर तिथे भिंत होती. खिडकीपाशी गेले, तर तिथेही भिंत आलेली. घर माझ्या बाजूनं आत आत सरकत होतं. शेवटी भिंत आणि तंबूचं कापड यांच्यामध्ये जेमतेम एक पट्टा उरला. आईनं तिथे गोधडी अंथरली.

"ताई, इथं झोपा. गार लागलं तर सांगा."

"आई," मी म्हटलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "ऐकतील ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला झोप लागली असती.

सकाळी उन्हं ओढ्यावर आली तेव्हा कौस्तुभनं निघायचं म्हणून सांगितलं. आमचे दोन्ही तंबू त्याचेच होते. आपला तंबू उतरवून, घडी घालून त्यानं डिकीत ठेवलाही होता. मी आत गेले. आई केर काढत होती. बाबा मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घालत होते. मी सांगितलं, की तंबू काढायचाय, तुम्ही आधी बाहेर या.

"आम्ही कुठं जाऊ, ताई?" आई म्हणाली. "आमचं घर हाय हे."

बाहेर इरा गाडीपाशी उभी होती. मी फक्त हाक मारायची होती. इरा, थांब, हे माझे आईबाबा आहेत. एवढंच. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, आलेच.

आईनं मला केरसुणीनंच हलकेच बाहेर काढलं आणि आतून चेन लावून घेतली.

कौस्तुभनं एका बाजूचे खुंटे उपटले, दुसऱ्या बाजूचे मी उपटले. काड्या ओढल्या. तंबू खाली बसला. कुठे उंचवटा राहिला नाही, कुठे काही टोचलं नाही.

"हवा नीट काढ," कौस्तुभ म्हणाला, "नाहीतर पिशवीत जाणार नाही."

मी गुडघ्यांवर बसून कापडावरून हात फिरवायला लागले. माझ्या हाताच्या जरा पुढे, कापडाच्या आतून, एक तळवा सरकत होता आणि मी पोचायच्या आधीच प्रत्येक सुरकुती सपाट करत होता.