क्वार्टरभर आंब

धाराशिवात आता जगातलं सगळं खायला मिळतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्यातलं बहुतेक माझ्या पोटात गेलेलं आहे. त्यातला एकही पदार्थ मी स्वतःसाठी मागवला नव्हता. तरी दिवाळी ते संक्रांत एवढ्या काळात माझं वजन चार किलोनं वाढलं आणि आमच्या महादेवीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्या पायजम्यात नवी, लांब नाडी ओवली. या सगळ्याला जबाबदार खाजाभाईच्या घरचा टायफॉईड.

खाजाभाई माझा शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं लेडीज टेलर. मी मोजणी खात्यातून रिटायर झालो. म्हणजे त्यानं जन्मभर कापड मोजलं आणि मी जमीन. तक्रारी दोघांच्याही मापाबद्दल आल्या. त्याच्याकडच्या दुसऱ्या दिवशी मिटायच्या, माझ्याकडच्या अजून कोर्टात आहेत.

त्याची बायको सायराबी. मी त्यांना भाभी म्हणतो. दिवाळीच्या सुमाराला त्यांना टायफॉईड झाला. औषधानं तो गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. ज्यांना बिर्याणीला सवड आहे का हे विचारून आमच्या गल्लीत लग्नाच्या तारखा धरायचे, त्या भाभी आता सकाळी चहात अर्धा पाव बुडवायच्या आणि तेवढ्यावर दिवस काढायच्या. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, आता फक्त खायला घाला. हे सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

एका दुपारी मी दुकानात गेलो तर खाजाभाई मशीनवर एका हिरव्या कमीजची शिवण आत घेत होता. कुणाचं काम आहे, असं मी सहज विचारलं.

"घरचंच हाय," तो मान वर न करता म्हणाला. "तिसऱ्यांदा आत घेतोय." मग दातानं दोरा तोडला आणि कमीज मांडीवर पसरून बघत बसला. "आता याच्यापुढं घ्यायची वेळ आली तर नवीनच बेतावं लागंल. आप्पा, तसलं माप मला कापायचं न्हाय."

त्या दुपारी आम्ही दोघांनी ठरवलं, भाभी पुन्हा मागून घेतील असा एक तरी पदार्थ या गावात शोधून काढायचा. नियम दोनच. रोज नवं ठिकाण, आणि आधी आपण चाखून मगच पार्सल. दुसरा नियम माझा होता.

सुरुवात नव्या मंडीच्या हॉटेलापासून केली. मंडी म्हणजे आडत बाजार नव्हे. तिथं गादीवर मांडी घालून बसायचं आणि परातीएवढ्या ताटात भात, वर मटण, चारी बाजूंनी हात. अरबस्तानातली पद्धत आहे, असं वेटरनं अदबीनं सांगितलं. खाजाभाईनं तितक्याच अदबीनं सोबत ज्वारीची भाकरी आणि ठेचा मागितला. वेटर आत जाऊन मालकाला घेऊन आला, मालकानं शेजारच्या खानावळीतून भाकरी मागवली, आणि भाकरीबरोबर ते मटण इतकं झकास लागलं की शेवटी मालकही आमच्या परातीला येऊन बसला. आम्ही विजयी मुद्रेनं पार्सल घरी नेलं.

भाभींनी एक घास घेतला. "ठीक है," म्हणाल्या. मग ताट सारलं. "नक्को."

पार्सल माझ्या घरी आलं. अन्न टाकायचं नाही, असे आमच्यावर लहानपणापासून संस्कार आहेत.

मग तर आम्हाला जोरच चढला. ईट गावचा दिग्विजय, शेतकीचा डिप्लोमा झालेला, तिशीतला माणूस. बस स्टँडाजवळ तो मोमोचा गाडा लावतो. कोबी महाग झाली म्हणून त्यानं एकदा घरच्या रानातली शेपू भरली आणि तेव्हापासून त्याच्याकडं रांग लागते. शेपूचे मोमो, वर कारळाची चटणी. पहिला तोंडात टाकला आणि खाजाभाईनं माझा दंड धरला. चार खाल्ल्यावर सोडला. हे कुणीतरी नेपाळला कळवायला हवं, असं आम्हा दोघांचं मत पडलं. ढोकीच्या रस्त्यावर, कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यांची एक टपरी आहे. तिथं मिरचीची भजी काकवीत बुडवून देतात. डोळे उघडे राहायला मिरची आणि डोकं थंड राहायला काकवी, असा मालकाचा खुलासा. आम्हाला दोघांनाही ट्रॅक्टर चालवायचा नव्हता, तरी आम्ही दोन-दोन प्लेट घेतल्या. नव्या सुपर मार्केटात काचेच्या बरणीत किनोआ नावाचा परदेशी दाणा मिळाला. खाजाभाईनं तो तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाला, "हे राळंच हाय. पासपोर्ट काढलेलं."

रोज पार्सल घेऊन आम्ही घाईघाईनं गल्लीत शिरायचो, रोज भाभी एक घास घ्यायच्या, आमचं मन राखायला "ठीक है" म्हणायच्या, आणि रोज पार्सल माझ्याकडं यायचं. सतराव्या दिवशी मी गल्लीत दिसताच माझ्या घरातून ताट मांडल्याचा आवाज आला.

शेवटी रस्ता दाखवला तो अलिजानं. अलिजा म्हणजे खाजाभाईची नात, कॉलेजात शिकते. आम्ही सतरा दिवस भाभींना एकच विचारत होतो, उद्या कुठल्या हॉटेलातलं आणू? त्या दिवशी अलिजानं पाय चेपता चेपता विचारलं, की दादी, तू लहानपणी आजारी पडायचीस तेव्हा तुझी अम्मी काय द्यायची?

 भाभी बोलायला लागल्या, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच सलग बोलल्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या मुरुमचं. ताप उतरला की अम्मी आंबट डाळ करायची. चिंचेची नव्हे, आंबची. थंडीत शेजारणीबरोबर पहाटे रानात जायची, हरभऱ्यावर मलमलचं पांढरं फडकं अंथरायची, दवानं भिजलं की पिळून बाटलीत भरायची. ती आंब. तिच्या डाळीचा वास आला की जीभ आपोआप जागी व्हायची. "वैसी खट्टी दाल फिर नहीं मिली," भाभी म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

आंब मला माहीत होती. पस्तीस वर्षं मी थंडीत हरभऱ्याच्या रानांतून साखळी ओढली. त्या पानांवरचं आंबट पाणी पायाच्या भेगांत गेलं की मी शेतकऱ्यालाच चार शब्द ऐकवायचो. ती खायची असते हे सरकारी नोकरीत मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धाराशिवचा बाजार पालथा घातला. किराणावाल्यांनी चिंच, आमसूल, लिंबूफूल काढून दाखवलं. आयुर्वेदिक दुकानदारानं आधी माझी जीभ बघायला मागितली. सुपर मार्केटातल्या पोरीनं सफरचंदाचा सिरका पुढं केला आणि यानं वजन कमी होतं म्हणाली. बोलताना ती माझ्याकडंच बघत होती.

मग मुरुमला जाण्याशिवाय इलाज नव्हता. बाजाराचा दिवस धरून सकाळची एसटी पकडली, पुढं टमटम, आणि दहाच्या आत बाजारात. तिथं गेल्यावर आम्ही कशाला आलोय हेच घटकाभर विसरलो. अर्धी हाक मराठीत, अर्धी कानडीत. अंबाडीच्या भाजीचे ढीग, कारळ, जवस, लाल राळं, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, दगडासारख्या कडक भाकऱ्यांच्या चळती. खाजाभाई प्रत्येक पाटीपुढं उकिडवा बसायचा, एक चिमूट तोंडात टाकायचा आणि मला हाक मारायचा. दोन पोरं जत्रेत सोडल्यासारखे आम्ही फिरलो.

आंब मात्र कुणाकडं नव्हती. बारा वाजले तसं खाजाभाईनं पाट्यांपुढं बसणं सोडलं. शेवटच्या रांगेत एक म्हातारी पोत्यावर राळं घेऊन बसली होती, दगडाबाई नावाची. आंब म्हणताच तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मांडीखालच्या पिशवीवर हात ठेवला.

"ती इकायची नसती, बाबा. पोट दुखलं की द्यायची असती."

खाजाभाई तिच्यापुढं बसला. "मावशी, बायको जेवंना झालीय."

"कवापस्नं?"

"दिवाळीपस्नं. मुरुमचीच हाय ती. तिची अम्मी आंबची डाळ करायची."

दगडाबाईनं पिशवीत हात घातला. बाहेर आली दारूची क्वार्टरची बाटली, कणसाच्या बुरकुंडाचं बूच लावलेली, आत तपकिरी पाणी. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "बाटली मालकाची हाय, आतलं माझं हाय." मग ती खाजाभाईच्या हातात ठेवली. "माहेरचीच हाय मग तिच्या. न्या. तीन सालाची हाय बरं का."

पैसे तिनं घेतले नाहीत. खाजाभाईचं लक्ष तिच्या पिशवीच्या तुटक्या बंदाकडं गेलं. त्यानं टोपीतून सुई काढली, खिशातून दोरा, आणि भर बाजारात मांडी घालून दोन्ही बंद असे शिवले, की त्या पिशवीत आता दगडाबाईलाच उचलून नेता आलं असतं.

परतीच्या एसटीत आम्ही ती क्वार्टर रुमालात गुंडाळून, देवाच्या मूर्तीसारखी उभी धरून बसलो. दोन म्हातारे, हातात बाटली आणि चेहऱ्यावर न मावणारा आनंद. नळदुर्ग यायच्या आत कंडक्टर खाली वाकून हळूच म्हणाला, "काका, गाडीत काढू नका." तुळजापूरपर्यंत बूच थोडं पाझरलं आणि रुमालाचा निळा रंग उडून पांढरा डाग पडला. खाजाभाईनं टेलरच्या नजरेनं डाग तपासला आणि कापड हलकं आहे, असा निकाल दिला.

घरी अलिजानं तुरीची डाळ शिजत लावलीच होती. आम्ही तिला बाजूला केलं. आता प्रश्न आला, आंब किती घालायची.

"तू विचारलं असशील ना?" मी म्हणालो.

"मला वाटलं तू विचारलंस. मोजणी खातं तुझं."

जन्मभर माप घेणारी दोन माणसं शंभर किलोमीटर गेली, आली, आणि माप विचारायचं राहिलं. मग आम्ही डोकं चालवलं. आंब तीन सालाची, म्हणजे जुनी. जुनी म्हणजे तिच्यातला जोर गेलेला असणार. आम्ही एकमेकांकडं बघितलं, दोघांनाही हा मुद्दा पटला, आणि अर्धी वाटी ओतली. तरी खात्री वाटेना म्हणून वर आणखी थोडी.

अलिजानं वाटी दादीपुढं धरली. खाजाभाई दाराच्या चौकटीला धरून उभा. भाभींनी आधी वास घेतला. डोळे मोठे झाले. मग एक घोट घेतला.

त्यांचे डोळे, नाक, तोंड सगळं एका जागी गोळा झालं. अंगावर काटा आलेला मला लांबून दिसला. खाजाभाईचा चेहरा असा उतरला, की मी पुढं होऊन त्याचा हात धरला.

"किसने डाला?" भाभींनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बोट दाखवलं.

"पुरानी आंब तेज होती, रे बाबा. दो बूंद डालते, दो बूंद." असं म्हणत त्यांनी अंगावरची दुलई बाजूला टाकली, अलिजाचा खांदा धरला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदा. जाताना आम्हाला दोघांना, इथं पाय ठेवायचा नाही, असं सांगून गेल्या.

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मोठं पातेलं निघालं. नवी डाळ शिजली, तिच्यात आमच्या डाळीची एकच पळी पडली, मग लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. तो वास दारातून बाहेर आला आणि खाजाभाई तीनदा शिंकला. मी डोकावलो. भाभी तळहातावर डाळ घेऊन चाखत होत्या. चाखली, थांबल्या. पुन्हा घेतली. मग तिथंच पाटावर बसल्या, भाकरी कुस्करली, तिच्यावर डाळ ओतली आणि जेवायला लागल्या. अलिजा बोलायला गेली, खाजाभाईनं तिला हातानं गप्प केलं. दुसरी वाटी भाभींनी स्वतःच भरून घेतली. आमचं ठरलं होतं ते मागून घ्यायचं, पण तेवढ्यावर मी हरकत घेतली नाही.

पातेलंभर डाळ होती. गल्लीत घरोघरी वाटी गेली. आमच्या घरापर्यंत येता येता पातेलं संपलं, त्यामुळं त्या दिवशी माझ्या घरी काहीच आलं नाही. आमच्या मंडळींनी ताट मांडून ठेवलं होतं, ते तसंच उचललं.

आता ती क्वार्टर खाजाभाईच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. अलिजानं तिच्यावर चिठ्ठी चिकटवलीय. दोन थेंब, खाली आमच्या दोघांची नावं, आणि नावांवर फुली.

परवा दुकानात गेलो. खाजाभाई ब्लेड घेऊन त्या हिरव्या कमीजची शिवण उसवत बसला होता, आणि शीळ घालत होता. किती सोडतोस, मी विचारलं. माप घेतलंस का?

"देत न्हाय घेऊ," तो म्हणाला. "म्हनली, तुमच्या आणि आप्पाच्या मापावर माझा भरोसा न्हाय. सगळीच सोडा."