साक्षीला नारळ

“अष्टमकरांच्या घराण्यात दोन हजार वर्षांत कोणी कोणापुढे मान खाली घातलेली नाही,” असं एलिस अष्टमकरांनी शनिवारी सकाळी जाहीर केलं आणि डाव्या पायाची चप्पल सापडेना म्हणून ते पलंगाखाली शिरले. पुढचं भाषण पलंगाखालूनच आलं. त्यात पूर्वजांचं फुटलेलं गलबत होतं, कोकणातल्या नवगावचा किनारा होता, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, मोडू नये म्हणून त्या दिवशी बंद ठेवलेले तेलाचे घाणे होते.

“घाणे बंद होते ते ठीक,” त्यांची बायको सिपोराबाई म्हणाल्या. “तुम्ही सदरा मळवू नका. ती माणसं सिनेगॉगमधून सरळ इकडेच येणार आहेत.”

ती माणसं म्हणजे समोरच्या इमारतीतले वकनिन. माखलुफ वकनिन आणि त्यांची बायको फ्रेखा मोरोक्कोहून इस्रायलमधल्या या दिमोना गावात आले होते, अष्टमकरांच्या थोडे आधी. तेवढ्या बळावर ते स्वतःला इथले मूळ रहिवासी समजत. त्यांचा मुलगा मेईर एकदा हाताला पट्टी बांधून घ्यायला दवाखान्यात गेला. पट्टी तिथे नर्स असलेल्या अष्टमकरांच्या मुलीनं, दीनानं बांधली. जखम भरली तरी मेईर जातच राहिला. आज त्याचे आईबाप पहिल्यांदा जेवायला येत होते. जेवून झाल्यावर ते लग्नाला हो म्हणणार की नाही, हे कोणी बोललं नव्हतं, पण जिन्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

एलिसना धाकधूक होती. एके काळी या देशात बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, मुलीचं लग्न लावताना रब्बी त्यांच्या कुळाबद्दल शंका काढून का-कू करत. ती भानगड मिटून बरीच वर्षं झाली, पण एलिसच्या मनात ती अजून मिटली नव्हती. कोणी सहज “तुम्ही मूळचे कुठले?” म्हणून विचारलं, तरी ते थेट अब्राहामापासून सुरुवात करत. बस सुटेपर्यंत ते मोशेपर्यंत पोहोचत.

पाहुणे आले. द्राक्षरसाचा आशीर्वाद झाला, पावाचा झाला. मासे झाले, त्यांची तारीफ झाली. मग सिपोराबाईंनी रात्रभर गरम ठेवलेलं पातेलं आणून झाकण काढलं. आत आलं-लसूण आणि हिरव्या मिरचीतली कोंबडी होती, दाट, पांढऱ्याशुभ्र रश्शात.

फ्रेखाबाईंचा चमचा वाटेतच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

“हे पांढरं काय आहे?” फ्रेखाबाईंनी विचारलं.

दीनाचा चेहरा पडला. मांस आणि दूध एका भांड्यात, धर्मानं साफ मना केलेलं, हा आरोप त्या टेबलावर न बोलता येऊन बसला. कोकणात या लोकांच्या पूर्वजांनी पोथ्या गमावल्या, प्रार्थना विसरल्या, पण मटणात दूध घातलं नाही. आणि आता हे.

“नारळाचा रस,” एलिस म्हणाले.

“नारळात पाणी असतं म्हणतात,” माखलुफ म्हणाले. नारळ त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. “पाणी पांढरं नसतं.”

“खोबरं किसायचं, गरम पाण्यात कुस्करायचं आणि पिळायचं,” सिपोराबाई म्हणाल्या.

“दिसतं मात्र दुधासारखं.”

“दिसतं खरं.”

खोटं कोणीच बोलत नव्हतं, पण जेवतही कोणी नव्हतं.

“अहो, माझं ऐका, आत त्या डब्यात...” सिपोराबाई मराठीत सांगू लागल्या. पण एलिस उठले होते.

“पुरावा आणतो,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

नारळ शुक्रवारी फोडले होते आणि कचरा रविवारशिवाय उचलला जात नाही. इमारतीखालचं पत्र्याचं पिंप मात्र खोल होतं. दोन हजार वर्षं ताठ राहिलेली मान आधी आत गेली, मग खांदे गेले. वरच्या सज्ज्यांमध्ये सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या मंडळींना शनिवारी एवढी करमणूक सहसा मिळत नसे.

“एलिस, काय हरवलं?” दुसऱ्या मजल्यावरून शेजाऱ्यानं विचारलं.

“इज्जत,” पिंपातून उत्तर आलं.

“कुठल्या पिशवीत होती?”

दोन करवंट्या घेऊन एलिस वर आले. एकीला चहापत्ती चिकटली होती. त्यांनी त्या टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पातेल्याशेजारी मांडल्या.

“बघा.”

माखलुफनी पाहिल्या. मग हळूच, माणूस पडताना दिसला की आपण खालच्या आवाजात बोलतो तसं, ते म्हणाले, “एलिस, आज शब्बाथ आहे. फेकलेल्या टाकाऊ वस्तूला आज हात लावायचा नसतो.”

मेईरला ठसका लागला. तो हसण्याचा होता की पाण्याचा, हे दीनानं त्याच्या पायावर टाच देऊन ठरवलं.

एलिस खुर्चीवर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. घाणे बंद ठेवणारे सगळे पूर्वज भिंतीलगत रांगेत उभे राहून आपल्याकडे पाहताहेत, असं त्यांना वाटलं.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पोरीचं यात काही नाही. तिचं बिघडवू नका.” आणि त्यांनी मान खाली घातली.

माखलुफनी करवंटीकडे बोट दाखवलं.

“माझी आई सणाला बदाम वाटून कोंबडी करायची,” ते म्हणाले. “तीही अशीच पांढरी. म्हणून ती पातेल्याशेजारी वाटीभर आख्खे बदाम ठेवायची, पाहणाऱ्याला शंका नको. तसा नियमच आहे. तुम्ही नारळ ठेवायचा होता.”

“तेच तर सांगत होते मी,” सिपोराबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी तांदळाच्या डब्यातून आख्खा, शेंडीवाला नारळ काढून आणला.

“मग आधी का नाही सांगितलंस?” एलिसनी विचारलं.

“सांगितलं. तुम्ही तोवर जिन्यात होता.”

फ्रेखाबाईंनी नारळ दोन्ही हातांत घेतला, कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी डुचमळलं. त्यांनी तो पातेल्याशेजारी बसवला, पाहुण्याला बसवावा तसा, आणि रश्शात पाव बुडवला. मग पुन्हा बुडवला. मग ताटली पुढे केली.

“एवढा एकच तांदळात का लपवला होता?” त्यांनी विचारलं.

“मुंबईहून नणंदेनं पाठवलेत. हा दीनाच्या मलिद्यासाठी ठेवलाय.” सिपोराबाई जरा अडखळल्या. “साखरपुड्याला आमच्यात पोहे, खोबरं, फळं मांडून प्रेषित एलियाहू हनबीचं नाव घेतात. म्हणजे, ठरलं तर.”

“मग तो फोडू नका,” फ्रेखाबाई म्हणाल्या. “लागेल.”

एलिसना अर्थ समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण ते अजून मान खाली घालूनच बसले होते. मग ती मान हळूहळू वर आली. ते उठले. सदरा त्यांनी ओढून नीट केला. त्यावर चहापत्ती होती.

“अष्टमकरांच्या घराण्यात,” त्यांनी सुरुवात केली, “दोन हजार वर्षांत...”

“सगळं ऐकते हो मी, व्याही,” फ्रेखाबाई ताटली किंचित बाजूला सरकवत म्हणाल्या. “फक्त आधी जरा हात धुऊन या.”