रुपालीला नागपूरला नेलं

प्रभावतीचा थोरला मुलगा रोशन सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला, आणि धाकटी रुपालीही तोच आजार घेऊन जन्मली होती. सांधे धरले की पोरगी रात्रंदिवस कण्हायची. रोजची गोळी पोटात गेली की दुखणं लांब राहायचं. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळे, तोवर कसंबसं निभत होतं. पावसाळ्यात गोळ्या यायच्या बंद झाल्या. वरूनच येत नाहीत, असं तिथली नर्स सांगे. बाहेरून विकत घेणं मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपणारं नव्हतं.

प्रभावती गप्प बसली नाही. पांढरकवड्याच्या आसपासची गावं तिने पालथी घातली. ज्या घरात हा आजार, त्या घरात जाऊन बसायची. आधी कुणी कबूलच होईना. लग्नं जुळणार नाहीत म्हणून लोक दुखणं झाकून ठेवत. हळूहळू माणसं जमली. हिवाळी अधिवेशनात नागपूरला मोर्चा न्यायचा आणि गोळी कायम मिळेल असं मंत्र्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असं ठरलं.

रुपालीही निघाली, तेव्हा तिचा बाप भीमराज आडवा आला. थंडी म्हणजे या आजाराला आवतणच. "एक गेला. आता हिले कायले नेतं?" त्याने बायकोला विचारलं.

उत्तर रुपालीनेच दिलं. "बाबा, आमी दिसलोच नाई, तर त्याईले कसं समजन?"

प्रभावती तिला थांबवू शकली असती. पण आजारी पोरांशिवाय आपलं कोण ऐकणार, हे तिलाही कळत होतं. स्वेटरवर स्वेटर चढवून तिने पोरीला गाडीत बसवलं.

पोलिसांनी मोर्चा विधानभवनापासून लांबच अडवला. सगळे रस्त्यावर बसले. वारं झोंबत होतं. घोषणा देऊन घसे बसले, ऊन कलायला लागलं, तरी आतून निरोप नाही. रुपालीचा आवाज केव्हाच बंद झाला होता. गुडघे पोटाशी घेऊन ती बसली होती, आणि विचारलं की नुसती मान हलवायची.

अखेर पाच जणांना आत बोलावलं. बोलायचं प्रभावतीने, हे आधीच ठरलेलं. ती उठली तशी रुपालीने तिचा पदर धरला. ओठ पांढरे पडले होते, श्वास तुटत येत होता. रोशनचं असंच सुरू झालं होतं.

प्रभावती परत खाली बसली. "मी नाई जात."

"जाय," रुपाली म्हणाली. "मंग आलो कायले आपुन?" तिने पदर सोडला.

बायांनी पोरीला शाली गुंडाळल्या, कुणी रिक्षा बघायला धावलं. प्रभावती आत कशी गेली, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. मंत्री घाईत होते, उभ्यानेच ऐकू लागले. घोकून आणलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"साहेब, माही पोरगी बाहेर रस्त्यावर पडली हाये. तिले तशीच टाकून मी तुमच्यापाशी आली. आता तुमीच सांगा, मी काय करू?"

मंत्री गोंधळले. रुग्णवाहिका बोलवा, असं कुणाला तरी म्हणाले. गोळ्या पंधरा दिवसांत पोहोचतील, असंही म्हणाले आणि निघून गेले.

रुपाली वाचली. पण खुब्याचं हाड खराब झालंय, ही आता लंगडतच चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. भीमराज मिळेल त्या ट्रकने नागपूरच्या दवाखान्यात आला. पोरीच्या पायाशी बसला. त्याने बायकोला विचारलं, "गोळ्या येतीन म्हने. तुले खरं वाटते?"

"नाई," प्रभावती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कळंबकडची संगीता बोलत होती. तिचंही लेकरू याच आजाराने अंथरुणाला खिळलेलं, म्हणून तिला मोर्चाला येता आलं नव्हतं. गोळ्या येतील का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"काई भरोसा नाई, संगीता," प्रभावतीने सांगितलं. "लेकराले उबेत ठेव. आपल्याले पुन्हा यावं लागन."

भीमराज पोरीचे पाय चोळत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "त्या वख्ती मी येतो. पोरीले नाई न्यायचं."

प्रभावती पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. नळ चालू ठेवून, तोंडात पदर कोंबून ती कितीतरी वेळ रडत राहिली.