खाड्याचं कारण

जानकीने खोलीबाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि दार ढकललं. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही म्हणून चपला बाहेर ठेवायचा नियम होता. पण अंधेरीच्या त्या औषध-कारखान्यातल्या बायकांनी नियमाचा आपल्या परीने अर्थ लावला होता. आतल्या गारव्यात पाऊल टाकताच जानकीने यंत्राला हात जोडले.

यंत्रावर काम करणाऱ्या नंदकुमारने मान खाली घातली. पॅकिंगमधल्या चाळीस जणांना काढल्याची यादी सकाळीच फाटकावर लागली होती, आणि तीत जानकीचं नाव होतं.

"सायबानू, ह्येनाच माका काढल्यान ना?"

"त्यातूनच नावं आली, जानकीबाई."

आली कशी, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. मॅनेजर श्यामसुंदर म्हणाले होते, "चाळीस गेले तर चारशेंची चूल पेटती राहील. आणि कोण जाणार ते कॉम्प्युटर ठरवील. तो ना कुणाचा भाऊ, ना मेहुणा." ज्याचे खाडे जास्त, तो बाहेर, एवढा सरळ हिशेब. नंदकुमारने चाचरत विचारलं होतं, "सर, खाड्याचं कारणही घालता येईल. आजारपण, बाळंतपण…"

"कारणं घालत बसलास तर जाणार कोण, यार?"

त्यावर नंदकुमारने प्रोग्राममधून कारणाची जागाच काढून टाकली, आणि काम वेळेत झालं म्हणून शाबासकीही घेतली. करून सवरून नामानिराळं राहण्याची इतकी सुबक सोय कारखान्यात यापूर्वी कुणाला सापडली नव्हती.

जानकी यंत्राकडे बघत होती. तिच्या उजव्या मनगटावरची भाजल्याची कातडी अजून गुलाबी होती.

"माझे खाडे कशाक झाले, ता तेका म्हायत नसात," ती म्हणाली. "हात हयसरच, कारखान्यात भाजलो. कंपनीच्या डाक्टरानच सांगितल्यान, घरी रव. रिक्षातून तुम्हीच माका घरी सोडलास. तुम्ही तेका सांगूक नाय?"

नंदकुमारचे कान तापले. दिंडोशीपर्यंत ती रिक्षात कण्हत होती, आणि तो तिला सांगत होता की नोकरीची काळजी करू नका.

"त्याला… तसं काही सांगता येत नाही हो."

"मगे तेचो तरी काय दोष?" जानकी म्हणाली. तिने रागावावं, चार शिव्या हासडाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. तिने नुसता सुस्कारा टाकला आणि दाराकडे वळली. तिथे मात्र ती थबकली.

"तुमचा नाव पण घातलेला ना तेच्यात?"

साहेबलोकांची नावं त्यात नव्हती. घालू नकोस असं कुणी बजावलंही नव्हतं. घालावीत हे नंदकुमारला सुचलंच नव्हतं. आणि आता तिच्याकडे बघून ते सांगायची त्याची लाजेने छाती होईना.

"होतं," तो म्हणाला.

"देवान राखल्यान तुमका." जानकीला खरोखरच हायसं वाटलं. ती दोन पावलं परत आली आणि यंत्राला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आता जपून रवा हां. बरा नसला तरी येवा. एक पण खाडो करू नकात."